आधी नक्कल

सरोजाक्कांच्या दारात बंद पडलेला लॅपटॉप घेऊन उभं राहिलं की त्या नाव-गाव विचारत नसत. आधी लॅपटॉपकडे बघत, मग आणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे, आणि विचारत, "बंद पडल्यावर किती वेळा चालू करून बघितलं?"

मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "दोन-तीन वेळा."

"दोन की तीन?"

सकाळपासून मी ते बटण अकरा वेळा दाबलं होतं. शेवटच्या वेळी पडद्यावर 'दुरुस्ती करू का?' असं आलं आणि मी 'हो' म्हणून मोकळी झाले होते. हे सगळं त्यांना सांगितलं.

"अय्यो," त्या म्हणाल्या. रागाने नाही, डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून 'हं' म्हणतो तसं. "ये आत. चप्पल बाहेर, फोन त्या टोपलीत."

पुण्याहून बंगळुरूला येऊन मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नोकरी एचएसआर लेआउटमध्ये, घर भाड्याचं जयनगरात, आणि सरोजाक्का मागच्या गल्लीत. त्यांचं घराणं इथे कित्येक पिढ्यांपासूनचं. घरात मराठी, पण ती मराठी मी पुण्यात कधी ऐकलेली नव्हती. 'बस की', 'खा की', आणि मधेच कन्नडातलं 'स्वल्प', किंवा 'बरं' म्हणायला 'सरी'. एका सरकारी कारखान्याच्या संगणक विभागात त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत एक लांब टेबल टाकून बसल्या. पाटी नव्हती. खिडकीला आतून एक पुठ्ठा लावलेला असे, त्यावर कन्नडमध्ये आणि इंग्रजीत एवढंच: 'डिस्कमधलं परत काढून मिळेल. घाई असल्यास येऊ नये.'

लोक मात्र घाईतच यायचे. त्या दिवशी मीही. माझ्या आईचे सगळे स्कॅन त्या लॅपटॉपवर होते आणि दोन दिवसांनी ते दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचे होते.

"मी काहीच केलं नाही हो," मी म्हणाले. "नुसतं चालू होतंय का बघत होते."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "तुझ्या फायली आणि मशीनची सिस्टम एकाच डिस्कवर आहेत. मशीन चालू झालं की सिस्टम शंभर ठिकाणी काहीतरी लिहिते. तुला वाटतं तू बघतेस. दारात रांगोळी घातलीय, आणि ती पुसली की काय हे बघायला तू तिच्यावरूनच चालत आत गेलीस. अकरा वेळा."

"मग बघायचं कसं?"

"खिडकीतून."

त्यांची खिडकी म्हणजे टेबलावरची एक काळी पेटी, जेवणाच्या डब्याएवढी. मशीनमधून डिस्क बाहेर काढायची आणि त्या पेटीतून आपल्या संगणकाला जोडायची. पेटीतून वाचता येतं, लिहिता येत नाही. सरोजाक्का तिला 'सोवळ्याचा डबा' म्हणत. डिस्क एकदा डब्यात गेली की "आता सोवळ्यात आहे, कुणाचा हात लागणार नाही" असं पुटपुटत, आणि तेवढ्या वेळापुरते त्यांचे खांदे खाली येत.

काम सुरू करण्याआधी त्या हातातल्या बांगड्या एकेक करून काढत आणि स्टीलच्या वाटीत ठेवत. तो टणटण आवाज झाला की घरातलं बोलणं बंद. त्यांचे यजमान हनुमंतराव स्वयंपाकघरातला रेडिओसुद्धा बंद करायचे. मग मूळ डिस्कला लाल दोरा. हा दोरा चिकपेटेतल्या एका रेशीमवाल्याकडून आणलेला, ठरावीक गडद लाल. नव्या, कोऱ्या डिस्कला काहीच नाही. आणि मग सगळ्यात विचित्र भाग. त्या समोर बसलेल्या माणसाला, म्हणजे ज्याची डिस्क असेल त्यालाच, उठवून जवळ बोलवायच्या.

"लाल दोऱ्यावाल्या डिस्कचा नंबर वाच. शेवटचे चार आकडे. मोठ्याने."

मी वाचले.

"आता पडद्यावर 'इथून' लिहिलंय तिथले वाच."

तेही वाचले. तेच होते.

"'इकडे' लिहिलंय तिथले?"

ते वेगळे होते, कोऱ्या डिस्कचे.

"सरी," म्हणून त्यांनी कळ दाबली. "आता नक्कल निघेल. मूळ डिस्क पिशवीत जाईल. जे काय प्रयोग, ते नकलेवर. नक्कल बिघडली तर दुसरी काढू. मूळ एकच असतं."

आईचे स्कॅन संध्याकाळी मिळाले. निघताना मी विचारलं, एवढ्या अनुभवी माणसाला नंबर दुसऱ्याकडून वाचून घ्यायची काय गरज? त्या बांगड्या चढवत होत्या. "शनिवारी कॉफीला ये की," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर मी शनिवारी सकाळी त्यांच्याकडे जाऊ लागले. कॉफी चांगली मिळायची हे एक कारण, आणि ऑफिसात आठवडाभर इंग्रजी-हिंदी बोलून जीभ आखडायची हे दुसरं. गिऱ्हाईक एकटं आणि घाबरलेलं असेल तर नंबर वाचायला त्या मलाच पुढे करत. घाबरलेला माणूस समोर जे असेल ते वाचत नाही, त्याला जे हवं ते वाचतो, असं त्यांचं म्हणणं.

माणसांना धीर देण्याची त्यांची पद्धत रुक्ष होती. एक बाई टेबलाशी उभी राहून सारखं 'लवकर करा, लवकर करा' म्हणत होती. सरोजाक्का वर न बघता म्हणाल्या, "घाई तुम्हाला आहे अम्मा, डिस्कला नाही." आणि एक मुलगी रडायला लागली तेव्हा, "नक्कल निघाल्यावर हवं तेवढं रड. आत्ता टेबल हलतंय." ऐकायला कठोर वाटायचं. पण त्या मुलीची डिस्क वाचत असताना अक्का दोन तास जागच्या हलल्या नाहीत, पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत, हेही मी बघितलं.

एकदा मात्र त्यांनी डिस्कला हात लावायलाच नकार दिला. चाळिशीचा, नीटनेटक्या कपड्यांतला माणूस होता. लॅपटॉप टेबलावर ठेवून हिंदीत म्हणाला, "डेटा रिकव्हर करना है." अक्कांनी विचारलं, काय झालं? म्हणाला, चालू होत नाही. अक्कांनी बारकाईने लॅपटॉपच्या कडा बघितल्या, पंख्याच्या जाळीला कान लावला, आणि ते यंत्र सरळ चालू केलं. मी चकितच झाले, कारण असं त्या कधीच करत नसत. पडदा उजळला. एका बाईचं नाव आलं आणि खाली पासवर्डाची रिकामी चौकट.

"हे तर चालू आहे," अक्का म्हणाल्या. "हा आजार नाही, हे कुलूप आहे."

"मिसेसचा आहे. ती विसरलीय पासवर्ड."

"मग मिसेसना घेऊन या."

"मी नवरा आहे तिचा."

"तुम्ही त्यांचे नवरे असाल. लॅपटॉपचे नाही."

तो माणूस उठला. टेबलाला वळसा घालून अक्कांच्या बाजूला आला आणि त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकला. आवाज अजून मऊच होता, पण खोलीतली हवा बदलली. तो म्हणाला, तुम्ही एकट्या बाई इथे बसता, मी सभ्यपणे विचारतोय. तेवढ्यात हनुमंतराव स्वयंपाकघरातून गरम कॉफीचा डबरा, इथलं ते पसरट भांडं, घेऊन आले. बुटके, मऊ, बोलायला अत्यंत कमी. ते त्या माणसाच्या शेजारी येऊन उभे राहिले, डबरा हातात धरून. जागचे हलले नाहीत. डबऱ्यातून वाफ येत होती.

अक्कांनी शांतपणे लॅपटॉप मिटला, त्याच्या पिशवीत घातला, चेन लावली आणि पिशवी त्याच्या छातीशी नेली. "माझ्याकडे मेलेल्या डिस्का येतात," त्या म्हणाल्या. "जिवंत माणसाच्या खोलीत मी खिडकीतूनसुद्धा बघत नाही."

तो गेला. दार लावल्यावर अक्का खुर्चीत बसल्या आणि हात पुढे करून बोटं बघू लागल्या. थरथरत होती. "चांगलं झालं कामाच्या आधी झालं," म्हणाल्या, आणि हनुमंतरावांना, "आता आणलीच आहे तर द्या की कॉफी."

त्याच दिवशी, कदाचित त्या थरथरीमुळेच, त्यांनी मला नंबर वाचून घेण्यामागची गोष्ट सांगितली. कारखान्यात त्यांच्या विभागात नागेशराव नावाचे एक इंजिनिअर होते. टेलिफोनच्या यंत्रातले सुटे भाग तपासायचा एक प्रोग्राम त्यांनी एकट्याने नऊ वर्षं खपून रचला होता. एका सकाळी त्यांचं मशीन सुरू होईना. अक्का तेव्हा पस्तिशीच्या, विभागात सगळ्यात हुशार समजल्या जाणाऱ्या. त्या म्हणाल्या, काळजी करू नका, आधी नक्कल काढते. दोन सारख्या डिस्का शेजारी शेजारी लावल्या आणि नक्कल काढली. उलटी. कोऱ्या डिस्कवरून भरलेल्या डिस्कवर.

"वीस मिनिटं," अक्का म्हणाल्या. "वीस मिनिटं मी पडद्यावरची ती पट्टी पुढे सरकताना बघत होते, आणि नागेशरावांना म्हणत होते, बघा कसं छान चाललंय."

"मग? ओरडले ते?"

"नाही. ओरडला असता तर मी विसरले असते. तो म्हणाला, 'सरी, बिडी.' जाऊ दे म्हणून. आणि त्याच्या जागेवर जाऊन बसला. निवृत्त होईपर्यंत माझ्याशी नीट वागला. फक्त माझ्या टेबलावर कधी कॉफी प्यायला आला नाही." त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. "तेव्हा मला सगळं येत होतं गं. न येणाऱ्याची चूक नव्हती ती."

यानंतर दीडेक वर्षाने नंदिनीचं प्रकरण आलं.

नंदिनी माझ्या ऑफिसातली. तिचंही घराणं इथलंच जुनं मराठी. तिचे अप्पा शाळेत चित्रकला शिकवत. त्यांना एक आजार झाला, ज्यात शरीराचे स्नायू एकेक करून काम सोडतात. बोलणं जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण पुढे एका यंत्रावर शब्द निवडून माणसाला बोलता येतं, आणि आवाज आधी साठवून ठेवला तर ते यंत्र त्याच्याच आवाजात बोलू शकतं, हेही सांगितलं होतं. म्हणून अप्पांनी बोलता येत होतं तोवर सात-आठ महिने रोज सकाळी नंदिनीच्या लॅपटॉपसमोर बसून वाक्यं वाचली. शेवटची वाक्यं वाचताना त्यांना एकेका शब्दाला दम लागत होता. मग आवाज गेला. नंदिनी त्या फायली यंत्रवाल्यांकडे पाठवणार, त्या आठवड्यात लॅपटॉप बंद पडला. सगळ्या फायली डेस्कटॉपवर, एकाच फोल्डरमध्ये. दुसरी प्रत नाही.

आम्ही शनिवारी सकाळी नऊला अक्कांकडे पोचलो.

"किती वेळा चालू केलं?"

"एकदाही नाही," नंदिनी म्हणाली. "हिने फोनवरच सांगितलं, हात लावू नकोस म्हणून."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. कौतुक करायची त्यांची पद्धत एवढीच. मग त्यांनी अप्पांबद्दल दोन-चार प्रश्न विचारले आणि उत्तरं ऐकताना हळूहळू गंभीर होत गेल्या.

पहिला अडथळा स्क्रूला हात लावण्याआधीच आला. नव्या लॅपटॉपची डिस्क आतून कुलूपबंद असते. ती काढून दुसरीकडे जोडली तरी अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली दिल्याशिवाय काही वाचता येत नाही. नंदिनीला असं काही कुलूप असतं हेच माहीत नव्हतं.

"मी कधीच लावलं नाही."

"लॅपटॉपने स्वतःच लावलं. किल्ली तुझ्या ऑनलाइन खात्यात कुठेतरी ठेवली असणार. शोध. ती मिळेपर्यंत मी मशीन उघडत नाही."

टोपलीतला फोन तिला मधेच परत मिळाला, हे त्या घरात मी पहिल्यांदाच बघितलं. तिला खात्याचा पासवर्ड आठवेना. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा तिने एकेक अक्षर तपासून टाकला. खातं उघडलं, चार पानं आत गेल्यावर एका ओळीत ते आकडे सापडले. अक्कांनी ते कागदावर लिहून घेतले, नंदिनीकडून दोनदा वाचून घेतले, आणि मग बांगड्या वाटीत पडल्या.

लॅपटॉपमधून निघालेली डिस्क म्हणजे च्युइंगगमच्या पाकिटाएवढी पातळ पट्टी. अक्का ती चिमटीत धरून बघत राहिल्या.

"ही माझ्या डब्यात बसत नाही," त्या म्हणाल्या. "हिच्यासाठी वेगळा डबा मिळतो, तो मी घेतला नाही. म्हणजे सोवळं नाही. लिहायला बंदी नाही. जे काय ते आपल्या डोळ्यांवर."

दोन सारख्या चपट्या डब्या होत्या. एकीत नंदिनीची पट्टी, दुसरीत कोरी. पट्ट्या आत घालण्याआधी त्यांचे नंबर मी कागदावर उतरवले. अक्कांनी नंदिनीच्या डबीला लाल दोरा बांधला. दोन्ही डब्या संगणकाला जोडल्या. त्यांनी आज्ञा टाइप केली, अगदी हळू, पडद्याच्या खूप जवळ जाऊन. गेले काही महिने त्या अशाच वाकून बसत. मला वाटायचं पाठ दुखत असेल.

"वाच."

मी कागदावरचे लाल दोऱ्याचे चार आकडे वाचले.

"हं. जुळतंय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं बोट कळेकडे गेलं.

मी पडद्यावरचे आकडे अजून वाचले नव्हते. 'इथून' या ओळीत आकडे होते ते लाल दोऱ्याचे नव्हते. मी पुन्हा बघितलं. ते कोऱ्या पट्टीचे होते.

"अक्का, थांबा."

बोट कळेवर टेकलं होतं.

"अक्का, नाही जुळत. उलटं आहे."

त्यांनी हात उचलला. इतका सावकाश, की जणू कळेला तो चिकटला होता. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले. बाहेर गल्लीतून फुलवाली 'सेवंतिगे' ओरडत गेली. अक्कांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि पडद्याकडे पुन्हा बघितलं. मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे. त्यांना ते आकडे दिसतच नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

नंदिनी आमच्या दोघींकडे बघत होती. तिला काय घडलं ते कळलं नव्हतं. त्या सहज म्हणू शकल्या असत्या, 'काही नाही, टाइप करताना चुकलं.' मीही गप्प बसले असते.

अक्का खुर्ची फिरवून तिच्यासमोर झाल्या. "नंदिनी, आत्ता मी तुझ्या अप्पांचा आवाज पुसणार होते. हिने थांबवलं म्हणून राहिला. माझ्या नजरेच्या मधोमध डाग पडलाय. चार-पाच महिने झाले. मला वाटत होतं मी सांभाळून घेतेय. तुझी पट्टी अजून जशीच्या तशी आहे. तुला हवं तर घेऊन जा. चांगल्या प्रयोगशाळेचा पत्ता देते, रागावणार नाही."

स्वयंपाकघराच्या दारात हनुमंतराव उभे होते. "चार-पाच महिने?" एवढंच म्हणाले. अक्कांनी तिकडे बघितलं नाही.

नंदिनीचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं ती आता ओरडेल, आणि तिने ओरडावं असंही क्षणभर वाटलं. ती उठली. लाल दोऱ्याची डबी तिने संगणकापासून सोडवली आणि मुठीत धरली. खिडकीपर्यंत गेली, परत आली.

"दुसरीकडे असं कोण सांगेल मला?" ती म्हणाली. आवाज चिरकला होता. "चुकलं तर चुकलं म्हणून कोण सांगेल?" मग माझ्याकडे वळून, "तू टाइप कर. अक्का सांगतील तसं. आणि नंबर मी वाचते."

तसंच झालं. बोटं माझी, डोळे नंदिनीचे, आणि बाकी सगळं अक्कांचं. त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या, पडद्याकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून. नंदिनीने चारही आकडे तीनदा वाचले. मग मी कळ दाबली.

पडद्यावरची प्रगतीची रेघ एकसष्ट टक्क्यांपर्यंत नीट सरकली आणि थांबली. मी सांगितलं.

"डबीला हात लाव. गरम?"

"भाजतेय."

"बंद कर. जोर करू नकोस. कुठपर्यंत वाचलं त्याची नोंद राहिलीय, पुन्हा पहिल्यापासून जायचं नाही. वीस मिनिटं थंड होऊ दे. मग पुढे. जिथे अडतं तिथे अडून बसायचं नाही, ते सोडून पुढचं सोपं आधी वाचून घ्यायचं. अवघड शेवटी."

असं चार वेळा झालं. एकदा नंदिनीची पट्टी पडद्यावरच्या यादीतून नाहीशीच झाली. नंदिनीने डोळे मिटून घेतले. अक्का म्हणाल्या, "दम लागलाय तिला. येईल." ती आली. दुपारचे दोन वाजले. हनुमंतरावांनी चित्रान्नाच्या ताटल्या आणून ठेवल्या, कुणी हात लावला नाही. तीनच्या सुमाराला प्रगतीची रेघ शेवटाला गेली. आठ-दहा बारीक जागा वाचता आल्या नव्हत्या, बाकी सगळं आलं होतं.

"मूळ आधी पिशवीत," अक्का म्हणाल्या. नंदिनीने ती स्वतः घातली. मग मी नकलेला ते अठ्ठेचाळीस आकडे दिले. चुकत चुकत, दुसऱ्या खेपेला कुलूप उघडलं. फोल्डर होतं. आत फायलींची लांबच लांब रांग होती. त्यातल्या फक्त सात उघडल्या नाहीत.

नंदिनीने मधलीच एक निवडली. एक घोगरा, दमलेला, पण स्वच्छ आवाज खोलीत आला: "पंखा स्वल्प कमी कर की. कागद उडतायत."

नंदिनीने टेबलावर डोकं ठेवलं. या वेळी टेबल हलतंय असं कुणी म्हणालं नाही. मी मागे वळले तर अक्का खोलीत नव्हत्या. स्वयंपाकघरात, पाठमोऱ्या, त्या भांड्यांच्या कपाटाशी उभ्या होत्या, आणि हनुमंतराव त्यांच्या एका मनगटात बांगड्या चढवत होते, एकेक करून, कारण अक्कांच्या हातांना ते जमत नव्हतं.

सोमवारी खिडकीतला पुठ्ठा निघालेला दिसला. डोळ्यांची तपासणी झाली. एका डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागली, दुसऱ्यावर उपचाराचा उपयोग नव्हता. मधलं काही दिसायचं नाही, कडांचं दिसायचं. माणूस खोलीत आलेला कळायचा, चेहरा कळायचा नाही. काम बंद केल्याबद्दल त्यांनी कधी खंत बोलून दाखवली नाही. एकदाच म्हणाल्या, "पाच महिन्यांत एकोणीस डिस्का केल्या मी. प्रत्येकाला फोन करून विचारलं, सगळं नीट आहे ना. सगळं नीट होतं." आणि मग, "नशीब म्हणायचं. कामात नशीब लागणं बरं नाही."

अप्पांचं यंत्र पावसाळ्यात आलं. नंदिनी त्यांना चाकांच्या खुर्चीतून अक्कांकडे घेऊन आली. अप्पांनी खूप वेळ लावून, एकेक शब्द निवडून, आपल्या आवाजात म्हटलं, "तुमची कॉफी चांगली आहे म्हणतात." ते गिळू शकत नव्हते, नंदिनीने कप नुसता त्यांच्या नाकाशी धरला. त्या दिवशी मी अक्कांना पहिल्यांदा खळखळून हसताना ऐकलं.

पुढच्या वर्षी मला पुण्यात नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला गेले तर त्या गच्चीवर सांडगे घालत होत्या, चादरीवर बोटांनी अंतर मोजत. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि "जा, उशीर होईल" म्हणाल्या.

खाली गल्लीत दोन रिक्षा उभ्या होत्या. मी मागच्या रिक्षेत बसले. वर बघितलं तर अक्का कठड्याशी आल्या होत्या आणि हात हलवत होत्या, पुढच्या रिक्षेला. त्या रिक्षेत कुणी नव्हतं. चालक तेवढा होता, बिडी ओढत, गिऱ्हाइकाची वाट बघत. मी हाक मारणार होते. पण त्याने मान बाहेर काढून वर पाहिलं, बिडी खाली टाकली, आणि अक्कांकडे बघत हात उंच करून हलवला. गंभीरपणे, बराच वेळ, अक्का हलवत होत्या तोवर.

मग माझी रिक्षा निघाली.